बंद बॅटरीचा दिवा

(शाळेच्या विज्ञान मंडळाच्या बैठकीत पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांना हा प्रयोग घरी करता यावा म्हणून मापे व आकडे वाढवून येथे दिले आहे. लेखक शाळेत सहशिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)





आज मला एका बॅटरीविषयी बोलायचे आहे. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, कोणी टॉर्च म्हणतात. आपल्या घरात मात्र तिचे नाव बॅटरीच आहे आणि तिच्या पोटात जातात ते सेल. मीही हेच शब्द वापरणार आहे.

प्रथमच एक गोष्ट कबूल करतो. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मी इतिहास आणि मराठी शिकवतो. गेल्या वर्षी विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले, तेव्हा नववीचे विज्ञानाचे तास माझ्याकडे आले. रात्री धडा वाचायचा आणि सकाळी शिकवायचा, असा माझा क्रम सुरू झाला. विजेचा धडा आला तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटातील एक जुनी पितळी बॅटरी मी वर्गात नेली. दोन मोठ्या सेलची, काचेच्या बल्बची ती बॅटरी होती. तिची बाजूची खटकी कित्येक वर्षांपासून अडकलेली होती. तिचे भाग मुलांना दाखवावेत, एवढाच माझा हेतू होता. "बटण बंद म्हणजे परिपथ तुटला. परिपथ तुटला म्हणजे वीज वाहत नाही," असे मी फळ्यावर लिहिले आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेतले.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेलो, तर वर्गातील एक मुलगा ती बॅटरी उघडून बसला होता. मागचे झाकण वेगळे, स्प्रिंग वेगळी, टेबलावर तारेचे तुकडे आणि डाग देण्याची गरम कावी. या मुलाच्या वडिलांची रेडिओ, पंखे, मोबाईल दुरुस्त करण्याची टपरी आहे. शाळा सुटल्यावर तो तेथे बसतो. वर्गात मागच्या बाकावर असतो आणि गृहपाठ क्वचितच पूर्ण करतो. मी काहीही न विचारता त्याच्यावर ओरडलो. "शाळेची वस्तू तुला टपरीवरची वाटली काय?" असे शब्द माझ्या तोंडून गेले. दारात जमलेली मुले हसली. तो काही बोलला नाही. हातातले काम त्याने कसेबसे पुरे केले, झाकण फिरवून लावले, बॅटरी कपाटात ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले आणि वीज गेली. प्रयोगशाळेच्या खिडक्या लावल्यावर आत बराच अंधार झाला. नकाशा काढण्यासाठी मी कपाट उघडले आणि थबकलो. आत ज्वारीच्या दाण्याएवढा लाल उजेड दिसत होता. हात लावला तर ती पितळी बॅटरी! तिच्या मागच्या झाकणाला भोक पाडून तेथे एक मऊ, दुधी रंगाचे बटण बसवले होते आणि त्याच्या आतून तो लाल दिवा मंद जळत होता. मी बटण दाबले. पुढचा बल्ब झक्कन लागला आणि मागचा लाल दिवा विझला. पुन्हा दाबले. बल्ब विझला, लाल दिवा परत आला.

वाचकहो, त्या क्षणी मला काय वाटले ते सांगतो. बॅटरी दुरुस्त झाली याचा आनंद नंतर झाला. आधी लाज वाटली. बटण बंद असताना वीज वाहत नाही, असे मी फळ्यावर लिहिले होते, आणि येथे बटण बंद असतानाच दिवा जळत होता. मी ज्याला सर्वांसमोर हिणवले, त्याने माझ्या वाक्यातील उणीव माझ्या हातात ठेवली होती. आणि ती उणीव का आहे, हे मला सांगता येत नव्हते.

त्याच सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या नानीने उघडले. तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होते. आपल्या नंदुरबारला मिरचीचे केवढे मोठे काम चालते ते सर्वांना ठाऊक आहे. हंगामात गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, सगळी जमीन लाल होऊन जाते. नानी अशाच एका पथारीवर कामाला जात असे. पहाटे उठून स्वयंपाक आटोपायचा आणि उजाडताना निघायचे. एका पहाटे वीज गेलेली होती. बॅटरी खुंटीला आहे की ताकावर, हे चाचपताना तिचा पाय पाट्याला अडकला आणि ती हातावर पडली.

"बॅटरी घरात होती, मास्तरसाहेब," नानी म्हणाली. "सेलही नवे होते. पण बॅटरी शोधायला उजेड कुठून आणू?"

किती साधे बोलणे! घरात दिवा असणे वेगळे आणि अंधारात तो सापडणे वेगळे. नातवाने हे ऐकले आणि नानीच्या बॅटरीला मागे लाल दिवा बसवला. ती बॅटरी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली मी पाहिली. शाळेतील बॅटरी निरुपयोगी पडलेली पाहून त्याने तिलाही तसेच करून द्यायचे ठरवले. विचारले असते तर मी नको म्हटले असते, म्हणून विचारले नाही, असे तो म्हणाला. हे त्याचे चुकले. पण तो का उघडतो आहे हे मी विचारले नाही, ही माझी चूक त्याच्याहून मोठी होती. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. ज्या मुलांसमोर मी त्याला बोललो होतो त्यांच्यासमोरच मी त्याची माफी मागितली आणि म्हणालो, "आज तास तू घे. बटण बंद असताना दिवा कसा लागतो ते आम्हांला सांग."

तो फळ्याजवळ आला, खडू हातात घेतला, पण शब्द त्याला सापडेनात. हाताला येत होते ते तोंडाला येईना. मग आम्ही सर्वांनी मिळून पुस्तक उघडले. त्याच्याकडे वस्तू होती, पुस्तकाकडे शब्द होते. दोन्ही एकत्र आल्यावर जे समजले ते आता सांगतो.

शेताच्या पाटाचे उदाहरण घ्या. पाटाला एक लाकडी दार आहे आणि दाराच्या बाजूने एक बारीक नळी काढलेली आहे. दार बंद केले की मोठा प्रवाह थांबतो, पण नळीतून थेंब थेंब पाणी पलीकडे जातच राहते. दार उघडले की सारे पाणी दारातून धावते. दाराच्या अलीकडे आणि पलीकडे पाण्याची पातळी सारखी होते, आणि नळीतून पाणी ढकलायला जोरच उरत नाही.

बॅटरीचे बटण म्हणजे ते दार. बटणाच्या दोन टोकांना समांतर जोडणीत एक बारीक वाट करून दिली आहे. त्या वाटेवर एक लहान लाल एलईडी आणि एक रोध एकामागे एक आहेत. बटण बंद असते तेव्हा वीज सेलमधून निघते, पुढच्या बल्बच्या तारेतून जाते, अंगाच्या पितळी नळीतून मागे येते आणि बटणाला वळसा घालून लाल एलईडीतून सेलकडे परतते. ही धारा इतकी थोडी असते की बल्बची तार तापत नाही, त्यामुळे बल्ब लागत नाही. एलईडीला मात्र तेवढी पुरते. बटण दाबले की वीज सरळ बटणातून जाते. एलईडीच्या दोन्ही टोकांना फरक उरत नाही आणि तो विझतो. आपल्या घरातील दाराच्या घंटीच्या काही बटणांत रात्री बारीक दिवा दिसतो, तोही याच तऱ्हेने बटणाला समांतर जोडलेला असतो.

म्हणजे माझे फळ्यावरचे वाक्य अपुरे होते. बटण बंद म्हणजे एक वाट बंद. दुसरी वाट कोणी करून ठेवली असेल तर वीज तिने जाईल.

यात आणखी एक फायदा आहे. लाल दिव्याची वीज बल्बमधूनच येते. म्हणून बल्बची तार तुटली तर लाल दिवाही विझतो. सेल उतरू लागले तर तो मंदावतो. गंजाने कोठे जोड पुरता तुटला तरी तो दिसेनासा होतो. रात्री निजताना तो लाल ठिपका नीट दिसला, म्हणजे सेल जिवंत आहेत, बल्ब शाबूत आहे आणि वाट कोठे तुटलेली नाही, हे न उघडता कळते. बॅटरी बिघडल्याचे ऐन गरजेच्या वेळी कळण्याऐवजी पुष्कळदा आदल्या रात्रीच कळते.

आता कृती सांगतो. प्रथम जुन्या, बल्बच्या, धातूच्या अंगाच्या दोन सेलच्या बॅटरीची.

साहित्य असे: एक लाल एलईडी, दहा हजार ओमचा एक रोध (त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी असतात), दाबले की लागणारे व पुन्हा दाबले की बंद होणारे एक लहान बटण, थोडी तार, प्लास्टिकच्या डब्यातून कापलेली एक गोल चकती, आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीचे सिलिकॉनचे एक निपल. निपल दुधी व लवचिक असते. ते दाबताही येते आणि त्यातून उजेडही दिसतो. त्या मुलाने हाच उपाय शोधला होता. एलईडी व रोध मिळून काही थोड्या रुपयांत येतात.

पहिली गोष्ट, सेल बाहेर काढून ठेवा. मागच्या झाकणातील स्प्रिंग काढा. झाकणाच्या मधोमध भोक पाडा आणि आतून निपलचा तुकडा बसवा. त्याच्यामागे बटण ठेवा. बटणाचे एक टोक झाकणाच्या धातूला डाग देऊन जोडा. जोडण्यापूर्वी ती जागा पॉलिश कागदाने घासून चकचकीत करा, नाहीतर डाग धरणार नाही. बटणाचे दुसरे टोक स्प्रिंगला जोडा. स्प्रिंग आणि झाकण यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती हवी. स्प्रिंग झाकणाला थेट टेकली तर बटणाला काही अर्थ राहणार नाही. बाजूची जुनी खटकी कायम चालू स्थितीत ठेवा.

आता एलईडी आणि रोध एकमेकांना जोडून ती जोडी बटणाच्या दोन टोकांवर बसवा. एलईडीला एक पाय लांब व एक आखूड असतो. सेलचे टोपीचे टोक पुढे, बल्बकडे, असते. म्हणून लांब पायाची बाजू झाकणाच्या धातूकडे आणि आखूड पायाची बाजू स्प्रिंगकडे यावी. उलट जोडले तर काही बिघडत नाही, फक्त दिवा लागत नाही. उघड्या तारांवर चिकटपट्टी गुंडाळा, सेल घाला आणि झाकण फिरवा.

रोध दहा हजार ओमचाच का, याचीही एक कथा आहे. नानीच्या बॅटरीत मुलाने प्रथम एक हजार ओमचा रोध घातला होता. दिवा ठळक दिसे. पण दोन-अडीच महिन्यांत नानीचे सेल उतरले आणि ती म्हणाली, "बेटा, तुझा दिवा माझे सेल खातो." मुलगा माझ्याकडे आला. तेव्हा आम्ही वर्गात हिशेब मांडला.

दोन नव्या सेलचे मिळून तीन व्होल्ट. लाल एलईडी आपल्यासाठी सुमारे १.८ व्होल्ट ठेवून घेतो. उरले १.२ व्होल्ट. त्याला १,००० ओमने भागले की धारा येते १.२ मिलिअँपिअर. ती दिवसाचे चोवीस तास वाहते. म्हणजे रोज सुमारे २९ मिलिअँपिअर-तास आणि तीस दिवसांत सुमारे ८६४ मिलिअँपिअर-तास. बॅटरी एकदाही न लावता एवढा माल गेला! रोध दहापट केला की खर्च दहावा हिस्सा होतो, महिन्याला सुमारे ८६. दिवसा तो दिवा जवळजवळ दिसत नाही. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढा ठिपका खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसतो. वाट दाखवायला एवढा पुरे.

भागाकार सर्वांना येत होता. तो भागाकार नानीचे सेल वाचवण्यासाठी आहे, हे मात्र वर्गाला त्या दिवशी प्रथम कळले. एरवी गणिताच्या वहीकडे न पाहणाऱ्या मुलांनी त्या तासाला स्वतःहून दोन हजार, पाच हजार, वीस हजार ओमचे हिशेब करून पाहिले.

आता दुसरी बॅटरी. आज बाजारात मिळतात त्या पांढऱ्या एलईडीच्या, एका लिथियम सेलच्या, मागे बटण असलेल्या. आमच्या पाच विद्यार्थ्यांनी अशा बॅटऱ्या आणल्या आणि तीच जोडणी केली. पाचही बॅटऱ्यांत लाल दिवा लागला नाही. एकीत लागलाच तर इतका क्षीण की हाताचा आडोसा करून पाहावा लागे. जोड तपासले, पाय उलटे करून पाहिले, सर्व ठीक होते. मग एका मुलीने विचारले, "सर, जुन्या बॅटरीत वीज बल्बच्या तारेतून येते. येथे तार नाहीच, तर वीज येणार कोठून?"

हाच तो मुद्दा होता. बल्बची थंड तार म्हणजे उघडा रस्ता, तेथे फारसा अडथळा नाही. पांढरा एलईडी म्हणजे नाक्यावरचा पहारेकरी. सुमारे अडीच व्होल्ट मिळाल्याशिवाय तो काहीच पुढे जाऊ देत नाही. त्याच्या पुढे लाल एलईडी १.८ व्होल्ट मागतो. दोघांची मागणी मिळून ४.३ व्होल्ट झाली, आणि लिथियम सेल पूर्ण भरलेला असला तरी ४.२ व्होल्टच देतो. वापरताना तर ३.७ च्या आसपास येतो. मग दिवा कसा लागावा?

उपाय सोपा निघाला. पांढऱ्या एलईडीलाही एक बारीक बाजूची वाट द्यायची. बॅटरीच्या पुढच्या भागात गोल चकती असते. तिच्या मध्यभागी सेलचे टोक टेकते आणि कडेचे कडे अंगाच्या धातूला लागते. मध्य आणि कडे यांच्यामध्ये एक हजार ओमचा रोध (तपकिरी, काळा, लाल) डाग देऊन बसवा. मागच्या बाजूला पूर्वीप्रमाणे लाल एलईडी व दहा हजार ओमचा रोध. आता हिशेब करा. ३.७ मधून १.८ वजा केले, उरले १.९ व्होल्ट. वाटेत अकरा हजार ओम. धारा सुमारे ०.१७ मिलिअँपिअर. दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या सेलला एवढी धारा ११,७०० तासांहून अधिक पुरेल, म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त. पुढची बॅटरी लावल्यावर त्या रोधातून सुमारे तीन मिलिअँपिअर वाया जातात, पण मोठा दिवा शेकडो मिलिअँपिअर घेतो, त्यापुढे हे काहीच नाही. पाचही बॅटऱ्यांना हा रोध बसवला आणि पाचही मागून लाल झाल्या. त्या मुलीचा प्रश्न आम्ही प्रयोगाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

येथे पालकांसाठी इशाऱ्याचे चार शब्द. लिथियम सेलवर थेट डाग देऊ नये, त्याची दोन टोके तारेने एकमेकांना जोडू नयेत, आणि फुगलेला जुना सेल घरात ठेवू नये. तो पेट घेऊ शकतो. हे काम सेल बाहेर काढूनच करावे. आणि घरातील विजेच्या बोर्डावर असला प्रयोग कोणीही करू नये. तेथे २३० व्होल्ट असतात. ते काम जाणत्या वायरमनचे.

विद्यार्थी मित्रहो, ज्या नियमाने आपण हा भागाकार केला तो ओमचा नियम. जॉर्ज ओम हा जर्मनीतील एक शाळामास्तर होता. त्याचे वडील कुलुपे बनवणारे कारागीर होते. त्यांनी स्वतःच्या खटपटीने गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते, आणि आपल्या मुलांना घरी बसवून ते शिकवले. ओम कोलोनच्या शाळेत शिकवत असताना शाळेच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या तारा जोडून मोजमापे घेत राहिला, आणि १८२७ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या देशात आरंभी त्याची कदर झाली नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले. आज जगातील प्रत्येक रोधावर त्या मास्तराच्या नावाचे माप आहे. कुलूपवाल्याच्या हाताने शिकलेला आणि पुस्तकातही मागे न राहिलेला मुलगा काय करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

त्या मुलाच्या बॅटरीतही दोन काळ शेजारी बसले आहेत. हातात धरायच्या नळीसारख्या बॅटरीचे पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिसेल याला १८९९ साली मिळाले. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक याने १९६२ साली तयार केला. दोहोंमध्ये साठाहून अधिक वर्षे गेली. नानीला उजेड सापडावा म्हणून आपल्या गावातील एका पोराने त्यांना एका नळीत आणले.

काही पालक म्हणतात, "सर, हे टपरीचे काम आहे. मुलगा शाळेत पुस्तक शिकायला येतो." दुसरे काही म्हणतात, "पुस्तक वाचून काय होणार, दहावी झाली की टपरीवरच बसवू." मला दोघांनाही नम्रपणे सांगायचे आहे की हात आणि पुस्तक यांची अशी वाटणी करू नका. तो मुलगा केवळ टपरीवर राहिला असता तर नानीचे सेल का उतरले याचा हिशेब त्याला मांडता आला नसता. आणि मी केवळ पुस्तकात राहिलो म्हणून बंद बॅटरीचा दिवा मला कळला नाही.

आणखी कोणी म्हणेल की असली कामे मोठ्या शहरांतील लोकांची. मग आपल्याच जिल्ह्यातील धडगाव तालुक्यातले बिलगाव आठवावे. २००३ साली तेथे नदीच्या धबधब्यावर एक लहानसा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळमधून आलेल्या जाणकारांनी मांडणी केली आणि गावातील आदिवासी बांधवांनी श्रमदान केले. काही वर्षांतच तो सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. पण बाहेरून तारा येण्याची वाट न पाहता त्या डोंगरातल्या लोकांनी आपल्या घरात दिवे लावले होते, हे कोणी पुसून टाकू शकत नाही.

मी स्वतः भारनियमनाच्या काळात वाढलो. दहावीचा अभ्यास कंदिलावर केला. अब्बा रात्री उठले की आधी भिंतीला हात लावत, मग कपाटाला, मग बॅटरी सापडे. तेव्हा आमच्यापैकी कोणाला सुचले नाही की बॅटरीनेच आपली जागा सांगावी. सुचण्यासाठी कोणीतरी पडावे लागते, आणि त्या पडण्याचे कोणालातरी मनापासून वाईट वाटावे लागते. त्या मुलाला वाटले. विज्ञानाचा आरंभ पुष्कळदा असाच होतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. या रमजानमध्ये सहरीला उठाल तेव्हा घरातील बॅटरी अंधारात किती वेळाने सापडते ते पाहा. मग आपल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि ही कृती त्यांच्याकडून करून घ्या. पहिल्यांदा दिवा लागणार नाही. लागला नाही तर रागावू नका. का लागला नाही, एवढेच विचारा.

शिक्षक बंधु-भगिनींना काय सांगावे? मी स्वतःला सांगतो तेच. एखादा मुलगा काही उघडून बसलेला दिसला, तर ओरडण्याआधी दोन मिनिटे त्याच्या शेजारी बसावे.

नानीचे प्लास्टर निघाले. ती पुन्हा पथारीवर जाऊ लागली आहे. तो मुलगा आता दहावीत आहे, आणि दुसऱ्या बाकावर बसतो. शाळेची पितळी बॅटरी कपाटात आहे. संध्याकाळी कुलूप लावताना मी एकदा आत पाहतो. लाल ठिपका दिसला की दार लावतो.